गिअरबॉक्स बदलला, असं मला सांगितलं

गाडी परत देताना गॅरेजमधल्या पोराने माझ्या हातात गाठ मारलेली एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत काळ्या तेलात माखलेल्या सात-आठ वस्तू. "हे काय?" म्हटलं, तर म्हणाला, "एक्स्ट्रा उरलंय सर. नव्या बॉक्सला लागत नाही." मी पिशवी डिकीत टाकली आणि विसरून गेलो. ९२ हजारांना मला कसं कापलं, त्याचा सगळा पुरावा त्या पोराने अजाणता माझ्याच हवाली केला होता.

गाडी २००९ सालची, जपानी बनावटीची, पाच गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचच्या पायडलऐवजी इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा कन्व्हर्टर असलेली. सेकंडहँड. माझा डावा गुडघा कामातून गेल्यामुळे क्लचवाली गाडी नको होती, एवढंच कारण. मे महिन्यात कोल्हापूरला सासुरवाडीला निघालो, तर खंबाटकी घाट चढताना मीटरवरचा 'डी', म्हणजे ड्राइव्हचा दिवा, लुकलुकायला लागला आणि गिअर पडताना मागून कुणी ढुशी मारावी तसे धक्के बसू लागले. बाजूला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली. अर्धा तास अगदी शहाण्यासारखी चालली, मग पुन्हा तेच. बंद-चालू केल्यावर गाडी सुधारते, म्हणजे दुखणं वायरिंगचं किंवा सेन्सरचंही असू शकतं, एवढी साधी शंका तेव्हा मला आली नाही. तशीच हळूहळू पुण्याला परत आणली.

ज्या गॅरेजमध्ये नेली त्याच्या पाटीवर 'ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मालक गोड बोलणारा. स्कॅनर लावला, एका कागदावर पेन्सिलीने 'पी ०८४७' असं काहीतरी खरडलं आणि मला रॅम्पखाली बोलावलं. तेल काढायचा बोल्ट त्याने सोडवला. त्या बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा चिकट लेप बसला होता. त्याने तो माझ्या बोटाला लावला. "बघा साहेब, आतल्या प्लेटा पार दळून निघाल्यात. हा आता चालत नाही." बोटाला लागलेला तो गाळ बघून माझं तर बोलणंच खुंटलं.

आता माहीत आहे की असा मऊ, पिठासारखा लेप चालत्या गिअरबॉक्सच्या चुंबकावरही सापडतो. तो चुंबक लोखंडाची बारीक झीज धरून ठेवायलाच दिलेला असतो. घाबरायचं ते बोटाला टोचणारे तुकडे किंवा कपचे दिसले तर. पण ते दाखवायला कुणी हवं ना. आणि तो पेन्सिलीतला कोड? मोबाइलवर शोधला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की तो आतल्या तेलाचा दाब सांगणाऱ्या स्विचच्या सर्किटचा आहे. नुसत्या कोडावरून स्विचच खराब आहे असं सिद्ध होत नाही, वायरही तुटलेली असू शकते. पण अख्खा गिअरबॉक्स भंगारात काढायला तो कोड पुरेसा नाही, हेही तितकंच खरं.

"कुर्ल्याहून कमी चाललेला बॉक्स मागवतो, हाफ-कटमधला," म्हणजे कापून सुट्या भागांसाठी विकलेल्या गाडीतला, असं ठरलं. बॉक्सचे ७८ हजार, मजुरी ८, तेल आणि किरकोळ ६. साठ हजार मोबाइलवरून दिले, बाकीचे रोख, कारण "जीएसटी कशाला उगाच भरताय साहेब". हे लिहिताना आजही लाज वाटते. आपणच आपल्या हाताने पावती बुडवली.

"जुना बॉक्स उतरवाल तेव्हा बघायला येईन," असं मी सांगून ठेवलं होतं. गेलो तेव्हा तो फरशीवर पडला होता. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'हा बघा आपला दिवाळीचा बोनस'. चार दिवसांनी गेलो तर गाडीखाली चकाचक चंदेरी बॉक्स बसलेला. जुना कुठे, म्हटलं, तर "एक्स्चेंजमध्ये गेला".

'डी' लुकलुकणं थांबलं, धक्केही गेले. मी चार जणांना त्या गॅरेजचं नावसुद्धा सुचवलं. पण तिसऱ्या आठवड्यापासून गाडी चालू होताना बारीक थरथर जाणवायला लागली, मग घुंघुं असा आवाज. पाचव्या आठवड्यात पुन्हा कोल्हापूरला गेलो, तर सकाळी सासऱ्यांच्या अंगणातल्या फरशीवर तेलाचं थारोळं. मेहुणा म्हणाला, "दाजी, उद्यमनगरात आमचे एक मेस्त्री आहेत, त्यांना दाखवू."

ते मेस्त्री साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. गाडी वर घेतली, बॉक्सवर टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिले. मग थिनरमध्ये चिंधी बुडवून एका जागी घासू लागले. चंदेरी रंग निघाला, खालून जुनाट, डागाळलेलं ॲल्युमिनियम दिसलं आणि त्यावर नंबर.

"बदललाय म्हणून कुणी सांगितलं तुमास्नी?"

मेहुण्याने ग्रुपवरचा माझा फोटो शोधून मोठा केला. तोच नंबर. शेजारची एक कड उडालेली, तीसुद्धा तीच. सगळा ग्रुप ज्याला हसला होता तो 'मेलेला' गिअरबॉक्स, रंगवून पुन्हा माझ्याच गाडीत बसवला होता.

मग मला पिशवी आठवली. मेस्त्रींनी ती टेबलावर रिकामी केली आणि एकेक वस्तू पुसून बाजूला मांडली. चेपलेलं वॉशर: तेलाच्या बोल्टाचं, एकदाच वापरायचं, ते ठीक. वायरिंगचा ब्रॅकेट. खालून धूळ अडवणारी पातळ पत्र्याची झाकणी, जी गाडीला असायलाच हवी होती. त्यानंतर बोटाच्या पेराएवढ्या दोन पोकळ लोखंडी नळ्या. त्या हातात घेऊन ते प्रथमच चिडले. "हे डॉवेल हाईत. इंजिन आन् बॉक्स एका रेषेत बसवत्यात ते. हे काढून टाकलं म्हंजे नुसत्या बोल्टावर बॉक्स लोंबकळतोय." रेष चुकली की कन्व्हर्टर वाकडा फिरतो, पुढच्या तेलपंपाचा बुश (आतली धातूची कडी) खातो, सील फाटतं, तेल गळतं. म्हणजे थरथर, घुंघुं आणि फरशीवरचं थारोळं, सगळं या दोन नळ्यांच्या गैरहजेरीचं.

शेवटची वस्तू म्हणजे आटे असलेला, डोक्यावर कनेक्टर असलेला छोटा स्विच. मेस्त्रींनी मल्टिमीटरचं एक टोक त्याच्या पिनेला लावलं, दुसरं स्विचच्याच धातूच्या अंगाला. मीटर टीं करून वाजला, म्हणजे आत जोडणी चालू होती. दाब नसताना तो वाजायला नको. स्विच आतून चिकटला होता. खंबाटकीत लुकलुकणारा 'डी' याच्यामुळे. गॅरेजवाल्यांनी नवा स्विच घातला, दोन-अडीच हजारांचा, आणि मला दाखवायला म्हणून चांगला बॉक्स उतरवला, धुतला, रंगवला आणि डॉवेल विसरून परत चढवला. चोरी ठीक, निदान काम तरी नीट करायचं!

डॉवेल, सील, बुश आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल, असे कोल्हापुरात १४,५०० गेले. पक्क्या बिलासकट. मेस्त्रींनी बसवताना मला उभं करून दाखवलं: कन्व्हर्टर फिरवत आत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने टक-टक करत आत जातो, आणि पूर्ण बसल्यावर हाताने मोकळा फिरतो. तसा न बसवता बोल्ट आवळले तर पंप फुटतो. दुसऱ्या गाडीतला जुना बॉक्स कुणी खरंच बसवून देत असेल तर चढवण्याआधी त्याचा नंबर आपल्या मोबाइलात घ्या, आणि तो नंबर बिलावर लिहून मागा. माझ्या कच्च्या कागदावर नुसतं 'असेंब्ली – १ नग' आहे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तोही अर्ज तयार करतोय. मालकाला फोन केला तेव्हा आवाज तितकाच गोड होता. "साहेब, गैरसमज झालाय. ती पिशवी घेऊन या ना, बसून बघू." पिशवी मी नेलेली नाही. ती घरी कपाटात आहे, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचं नाव मला आता पाठ आहे.