कुलूपबंद अप्लायन्समधल्या रेडवर आयडीरॅकमधून नजर: काही महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र बॅकअपचं. आत डेलचा पॉवरएज सर्व्हर आणि पर्क, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून रेड चालवणारा कंट्रोलर; वर विक्रेत्याचं बंद सॉफ्टवेअर. रूट मिळत नाही, एजंट टाकता येत नाही, पर्कचं कमांड-लाइन साधन (पर्क-सीएलआय) घातलं तर सपोर्ट जातो. डॅशबोर्डवर एकच हिरवा ठिपका, आणि तो फक्त व्हर्च्युअल डिस्कचा, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेल्या व्हॉल्यूमचा. रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रचना) मधली एक डिस्क गेली तरी ऑपरेटिंग सिस्टीमला व्हॉल्यूम धडधाकटच दिसतो. त्यामुळे त्या ठिपक्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

आयडीरॅक म्हणजे डेल सर्व्हरमध्येच बसवलेला देखरेखीचा छोटा संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, नेटवर्क पोर्ट वेगळा, आणि तो कंट्रोलरशी थेट बोलतो. आतल्या कुलपाशी त्याचं देणंघेणं नाही. डेडिकेटेड पोर्ट मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (फक्त देखरेखीच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) घ्या, एसएनएमपी (यंत्राची स्थिती नेटवर्कवरून विचारायचा प्रोटोकॉल) व्हर्जन ३ चा वेगळा युजर करा, त्याला फक्त लॉगिनचा हक्क द्या. यूडीपी १६१ मॉनिटरिंग सर्व्हरपुरता उघडा. सगळे ओआयडी, म्हणजे एकेका माहितीचे पत्ते, १.३.६.१.४.१.६७४.१०८९२.५ खाली सापडतात.

आता खरी गोम, उत्तरात येणाऱ्या आकड्यांची. एकूण स्टोरेजच्या स्थितीत ३ म्हणजे ठीक. फिजिकल डिस्कच्या स्टेटमध्ये ३ म्हणजे ऑनलाइन. पण व्हर्च्युअल डिस्कच्या स्टेटमध्ये ३ म्हणजे फेल्ड. तिथे २ ऑनलाइन आणि ४ डिग्रेडेड. एकच टेम्प्लेट तिन्हीकडे चिकटवलं की मेलेला व्हॉल्यूम हिरवा दिसतो. हॉट स्पेअरची (तयार ठेवलेल्या राखीव डिस्कची) स्टेट २, म्हणजे रेडी, असते; ‘३ नसेल तर अलार्म’ असा नियम लावलात तर तो रात्रंदिवस कोकलत राहील.

स्मार्ट अलर्टचा (डिस्क स्वतःच देते त्या बिघाडाच्या इशाऱ्याचा) कॉलम वेगळा घ्यायलाच हवा. डिस्क मरणपंथाला लागली तरी तिची स्टेट ऑनलाइनच राहते. लाइफसायकल लॉगमध्ये (आयडीरॅकच्या घटनांच्या नोंदवहीत) पीडीआर१६, म्हणजे ‘डिस्क जाण्याची शक्यता’ हा कोड, उमटतो, तोच पहिला इशारा. डिस्क बदलायची वेळ तीच. दुसरी जाईपर्यंत थांबलात तर रिबिल्डमध्ये (नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभारताना) उरलेल्या डिस्कवरचे वाचता न येणारे सेक्टर आडवे येतात. पर्कचा पेट्रोल रीड, म्हणजे डिस्क वाचून तपासणारी फेरी, मुळात दर १६८ तासांनी चालतो, तो कुणी बंद तर केलेला नाही ना, हे बघून ठेवा. कंट्रोलरची बॅटरीही यादीत हवी: ती गेली की राइट-बॅकचं (आधी कॅशमध्ये लिहिण्याचं) राइट-थ्रू (थेट डिस्कवर लिहिणं) होतं, बॅकअप रेंगाळतो आणि दोष नेटवर्कच्या माथी मारला जातो.

रेडफिशही (आयडीरॅकला वेबवरून विचारायचा एपीआय) वापरून पाहिलं. माहिती जास्त सुटसुटीत, पण दर वेळी नव्याने लॉगिन करणारी स्क्रिप्ट लाइफसायकल लॉग यूएसआर००३० च्या (यशस्वी लॉगिनच्या) नोंदींनी भरून टाकते आणि कामाच्या ओळी त्यात हरवतात. एकच सेशन टोकन पुन्हापुन्हा वापरा. रोजच्या पोलिंगला (ठरावीक वेळाने विचारणा करायला) मात्र एसएनएमपीच बरं.

अलर्ट मुळात बंद असतात. ते चालू करून टेस्ट ट्रॅप (एसएनएमपीने आपणहून पाठवलेला इशारा) आणि टेस्ट ईमेल पाठवून बघा. डिस्क ओढून चाचणी करायचा उत्साह नको, विनाकारण रिबिल्ड पदरात पडतो. ‘उत्तर आलं नाही’ यालाही अलार्म लावा, कारण आयडीरॅक स्वतःच गोठू शकतो. पुढच्या बाजूचं सिस्टीम आयडी बटण १५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं की फक्त आयडीरॅक रीसेट होतो, सर्व्हर चालूच राहतो.

डिस्क बदलताना एसएनएमपीचा इंडेक्स बघून बे (डिस्कचा खण) ठरवू नका. इंडेक्स १ पासून, बे ० पासून. चुकून चांगली डिस्क हातात यायची. डिस्कचं पूर्ण नाव वाचा, दिवा लुकलुकवा, मगच हात घाला. दुसऱ्या सर्व्हरमधून काढलेली डिस्क ‘फॉरेन’ (परक्या रेडची) म्हणून येते आणि रिबिल्ड सुरूच होत नाही. ते कॉन्फिगरेशन पुसायला लिहिण्याचा हक्क लागतो. विक्रेत्याने आयडीरॅक ९ चा सिस्टीम लॉकडाउन मोड लावला असेल, तर वाचन चालतं, बदल चालत नाहीत. अलर्टचे पत्तेही तेव्हा बदलता येत नाहीत. म्हणून यंत्र ताब्यात घेतानाच लॉकडाउन कोण काढणार आणि किती वेळात, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.