अंगठ्याखाली झाकायचा शब्द : थोथ टॅरोची पाने

टॅरो म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते, आणि थोथ टॅरो हा त्यांचा एक कॅट. त्यातील चकत्यांची पंजी, म्हणजे पाच चकत्यांचे पान, मी प्रथम उचलली, तेव्हा खाली छापलेला इंग्रजी शब्द वाचण्याआधीच चित्रातल्या खुणा ओळखीच्या वाटल्या. पाच चकत्या उलट्या ताऱ्याच्या पाच टोकांवर बसवल्या आहेत, म्हणजे दोन टोके वर आणि एक खाली; आणि चकत्यांवर पिवळा चौकोन, रुपेरी चंद्रकोर, तांबडा त्रिकोण, निळे वर्तुळ आणि काळसर अंडाकृती आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचतत्त्वांची हीच चिन्हे योगावरच्या पुस्तकांत आपण पाहिलेली असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये रंगवलेल्या पानावर ती एखाद्या यंत्राच्या दातेरी चाकांसारखी एकमेकांना ताण देत उभी आहेत. त्यानंतर शब्द वाचला : ‘वरी’, म्हणजे काळजी. शब्द चुकीचा नाही. पण चित्राने जे दाखवले होते, ते तो वाचल्यावर अर्ध्याने कमी झाले. या कॅटविषयी माझे जे मत झाले, त्याचे बीज या एका पानात आहे.

टॅरो म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो १९०९ साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट कॅट. पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यातील साध्या आकड्यांच्या पानांवरही प्रसंग रंगवले : कोणी अंथरुणात उठून तोंड झाकून बसले आहे, कोणी पाठमोरे होऊन डोंगराकडे चालले आहे. प्रसंग दिसला की गोष्ट सुचते, म्हणूनच शिकणाऱ्याला तो कॅट सोपा जातो. थोथ टॅरो ही सवय मोडतो. त्याचा आराखडा अलिस्टर क्रोली यांचा आणि चित्रे लेडी फ्रीडा हॅरिस यांची. क्रोली हे गूढविद्येच्या इतिहासातील बदनाम नाव, आणि ती बदनामी त्यांनी स्वतः हौसेने जोपासली होती. हॅरिसबाई मात्र लिबरल खासदार सर पर्सी हॅरिस यांच्या पत्नी. १९३८ साली या कामाला लागल्या तेव्हा त्या साठीला पोचल्या होत्या. काही महिन्यांत उरकेल असे वाटलेले काम १९४३ पर्यंत चालले. एकेक पान आठ-आठ वेळा नव्याने रंगवायला लावल्याची कबुली क्रोलींनीच दिली आहे, आणि या काळात त्यांना पैशाची मदतही हॅरिसबाईच करत होत्या. १९४४ साली या पानांवरचे क्रोलींचे ‘द बुक ऑफ थोथ’ केवळ २०० प्रतींत निघाले. पत्त्यांच्या रूपात हा कॅट १९६९ साली आला, तोवर दोघेही हयात नव्हते. क्रोली १९४७ साली गेले. हॅरिसबाई पतीच्या निधनानंतर हिंदुस्थानात आल्या आणि १९६२ साली श्रीनगरमध्ये वारल्या. मूळ जलरंगचित्रे लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

या चित्रांचा कणा म्हणजे भूमिती. अध्यात्मवादी विचारवंत रुडॉल्फ स्टाइनर यांच्या परंपरेतील ऑलिव्ह व्हिचर आणि जॉर्ज अ‍ॅडम्स यांच्याकडून हॅरिसबाईंनी प्रक्षेपी भूमिती शिकून घेतली होती. तिचे गणित बाजूला ठेवले तरी डोळ्याला काय दिसते ते सांगता येते. शाळेच्या हस्तकलेत फळीवर खिळे ठोकून त्यांना दोरे ताणले, की सरळ दोऱ्यांच्या गर्दीतून आपोआप एक वक्र तयार होतो, आणि तो वक्र कोणी काढलेला नसतो. या पानांवरचे बहुतेक वक्र याच जातीचे आहेत. पुजारिणीच्या पानावर तिच्या हातांमधून उजेडाचे जाळे पसरते. ते जवळ धरून पाहिले तर सगळ्या रेषा सरळ निघतात, हातभर लांब नेले की झिरझिरीत वस्त्र दिसू लागते. मी हे पान खिडकीजवळ किती वेळा मागे-पुढे केले असेल, त्याची मोजदाद नाही. पायथ्याशी एक लहानसा उंट आहे. हिब्रूतील गिमेल हे अक्षर या पानाला नेमून दिलेले असून त्या शब्दाचा अर्थ उंट, एवढेच त्याचे कारण. पण त्या निळसर प्रकाशाखाली तो वाट पाहत थांबलेला वाटतो, आणि कारण कळल्यावरही तो भास जात नाही.

टॅरोच्या कोणत्याही परीक्षणात २२ मोठ्या पानांचेच, म्हणजे पुजारीण, जादूगार, डेव्हिल अशी स्वतंत्र नावे असलेल्या पानांचेच, कौतुक होते. माझे मत उलटे आहे : या कॅटची खरी श्रीमंती दुरीपासून दश्शीपर्यंतच्या छत्तीस लहान पानांत आहे. त्यांच्यावर ना माणसे आहेत ना प्रसंग. दंड, पेले, तलवारी आणि चकत्या यांची मांडणी, त्यांच्यामागचा रंग आणि रेषांचा ताण एवढ्यावरच पानाचा भाव उभा केला आहे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा ज्याने हाताळला आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही. मत्स्याच्या रंगातली पंजी म्हणजे पाच मासे, परशुरामाच्या रंगातली सत्ती म्हणजे सात परशू. गोष्ट सांगायची ती चिन्हाने आणि संख्येने. फरक असा की गंजिफात संख्या खेळापुरती असते, तर इथे प्रत्येक संख्येला स्वभाव दिला आहे. दंडांच्या अठ्ठीत दंड उरलेच नाहीत, त्यांच्या लखलखत्या विजा झाल्या आहेत आणि वर इंद्रधनुष्य आहे; पेल्यांच्या सत्तीत मात्र हिरवा चिकट द्राव कमळांतून पेल्यांत आणि पेल्यांतून खाली इतका ठिबकत राहतो की पान हातात धरल्यावर बोटे पुसाविशी वाटतात. किळस इतक्या नेटकेपणाने रंगवता येते हे मला या पानाने दाखवले.

ज्योतिषाचा थोडाफार सराव असणाऱ्या वाचकाला या छत्तीस पानांत आणखी एक गंमत सापडेल. राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग, म्हणजे आपले द्रेष्काण, बारा राशींचे मिळून छत्तीस होतात, आणि प्रत्येक लहान पानाला एकेक द्रेष्काण वाटून दिला आहे. ग्रहाचे आणि राशीचे चिन्ह पानावर रंगवलेले असते. मात्र आपल्याकडे द्रेष्काणाचा स्वामी त्या राशीचा, तिच्यापासून पाचवीचा आणि नववीचा असा काढतात, तर इथे मेषेच्या आरंभी मंगळ घेऊन पुढे रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू असा फेरा सुरू होतो. त्यामुळे आपले कोष्टक लावून पाने वाचायला जाऊ नये, गोंधळ होईल. मी स्वतः तलवारींच्या तिरीवर अडलो. तिथे तुळेचा शनी आहे, म्हणजे उच्चीचा, सर्वांत बलवान. आणि पानाचे नाव मात्र ‘सॉरो’, दुःख. पाश्चात्त्य परंपरेतही शनी तुळेतच उच्चीचा मानतात, मग हे असे का? उत्तर कबालाच्या, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येच्या, झाडात आहे; एक ते दहा या संख्यांना त्या आकृतीत एकेक स्थान असते. तीन या संख्येचे तिथले स्थान ‘बिना’, म्हणजे शनीचेच काळोखे माहेर; त्यामुळे बळ वाढते ते दुःखाचे. चित्रात वरून आलेल्या मोठ्या तलवारीचे टोक दोन वाकड्या तलवारींच्या टोकांना भेटते आणि एका फुलाच्या पाकळ्या झडतात. पाहणाऱ्याला बिना माहीत नसली तरी हे पान बोलते. माझ्या दृष्टीने चांगल्या पानाची हीच कसोटी आहे.

मोठी पाने या कसोटीला सरसकट उतरत नाहीत. क्रोलींना जे-जे ठाऊक होते ते सगळे त्यांना प्रत्येक पानात हवे होते : इजिप्तची दैवते, हिब्रू अक्षरे, किमयागारांची सांकेतिक भाषा, आणि अधूनमधून आपल्याकडचेही काही. फॉर्च्युनच्या चाकावरील तीन आकृत्यांचा संबंध ते सत्त्व, रज आणि तम यांच्याशी जोडतात. चाक फिरत असल्यामुळे एकही गुण कायमचा वर राहत नाही, ही कल्पना चाकाला शोभून दिसते आणि पानही देखणे उतरले आहे. डेव्हिलच्या पानावर भीतिदायक सैतान नसून पिळदार शिंगांचा, कपाळावर डोळा असलेला हिमालयातला बोकड आहे. क्रोली १९०२ साली केटू आणि १९०५ साली कांचनगंगा चढण्याच्या मोहिमांत होते, त्यामुळे तो बोकड निदान ऐकीव तरी वाटत नाही. मनोऱ्याच्या पानावरचा प्रचंड डोळा मात्र शंकराचा तिसरा नेत्र असल्याचे पुस्तक सांगते म्हणूनच मानायचा. चित्र पाहून ना मदनदहन आठवते ना प्रलय. आणि जुन्या ‘जजमेंट’च्या जागी आलेले ‘द इऑन’ हे पान तर क्रोलींच्या स्वतःच्या धर्मपंथाची जाहिरातच आहे. वर कमान करून वाकलेली इजिप्तची आकाशदेवी नूट, आत बसलेला देव होरस, त्याच्यापुढे ओठांवर बोट ठेवलेले पारदर्शक बालक : हे सगळे १९०४ साली कैरोमध्ये त्यांना झालेल्या साक्षात्काराशी जोडलेले आहे, आणि तो ज्याला मान्य नाही त्याच्यासाठी हे पान मुके राहते.

जिथे क्रोलींनी हात आखडता घेतला, तिथे हॅरिसबाई मोकळ्या झाल्या आहेत. ‘जस्टिस’चे नाव बदलून केलेले ‘अ‍ॅडजस्टमेंट’ हे पान त्याचा पुरावा. चौकड्यांच्या पोशाखातली एक स्त्री चवड्यांवर उभी आहे, तिच्यापुढे टोक खाली केलेली तलवार आहे आणि दोन्ही बाजूंना तराजूची पारडी. ही न्यायदेवता बसलेली नाही आणि तिने निकालही दिलेला नाही. ती तोल सांभाळते आहे, आणि तिच्या पोटऱ्यांवरचा ताण पाहणाऱ्यालाही जाणवतो. नाव बदलल्याचे सार्थक इथे झाले. ‘स्ट्रेंग्थ’ला ‘लस्ट’ म्हणण्यात तेवढे सार्थक झाले आहे असे मला वाटत नाही. सात तोंडांच्या सिंहावर स्वार झालेली विवस्त्र स्त्री धक्का देते, पण दुसऱ्यांदा पाहताना तो धक्का उरत नाही.

राजघराण्याच्या सोळा पानांत नाइट, राणी, राजपुत्र आणि राजकन्या आहेत. राजा नाही, घोड्यावरचा नाइटच त्याच्या जागी आहे. रायडर-वेटवर शिकलेल्यांनी ही अदलाबदल आधीच लिहून ठेवलेली बरी. चौघी राजकन्या मला आवडल्या, कारण त्या कोणाच्याही दरबारात मान खाली घालून उभ्या नाहीत.

आता त्या शब्दांविषयी. लहान पानांवर खाली एकेक नाव छापले आहे : विजय, आळस, नासाडी, क्रौर्य, लाभ. नवख्याला ती सोयीची वाटतात आणि तीच अडसर होतात, कारण डोळा आधी अक्षरांकडे धावतो. मी पान डाव्या हातात असे धरतो की अंगठा बरोबर शब्दावर येतो, आणि मिनिटभर नुसते चित्र पाहतो. पेल्यांची नव्वी आणि दश्शी शेजारी ठेवून हा प्रयोग करून पाहावा. पहिलीचे नाव सुख, दुसरीचे तृप्ती. शब्दांच्या हिशेबाने दश्शी वरचढ असायला हवी. चित्रात मात्र नव्वीचे पेले शांतपणे भरून वाहतात आणि दश्शीचे पेले तिरके होऊन डळमळू लागलेले आहेत. अति झाले आणि ऊत आला, हे शब्दाने लपवले आणि रेषेने सांगितले. भविष्य पाहणाऱ्यांनी हा कॅट वापरावा की नाही, यावर मला मत द्यायचे नाही. मी तो पाहण्यासाठी घेतला आणि त्या कामी तो पुरून उरला.

वस्तू म्हणून काही तक्रारी आहेत. मोठ्या आकाराची पाने साध्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. टेबलावर पसरून कालवावी लागतात. लहान आकार पिसायला सोपा, पण त्यात उजेडाच्या जाळ्यातल्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून जातात, तेव्हा पाहण्यासाठी घेणाऱ्याने मोठाच घ्यावा. माझ्या प्रतीत गडद निळा आणि जांभळा हे रंग काही पानांवर जवळजवळ एकच झाले आहेत. सोबतची पुस्तिका इतकी त्रोटक आहे की पंचतत्त्वांचा उलगडा मला तिच्यातून झाला नसता. पाठीमागचा गुलाब-क्रूस, म्हणजे गूढपंथीयांचे गुलाब आणि क्रूस यांचे चिन्ह, मात्र इतका तपशीलवार आहे की पाने पालथी पडली तरी टेबल रिकामे दिसत नाही.

काही आवृत्त्यांत पानांची संख्या ७८ ऐवजी ८० भरते, कारण हॅरिसबाईंनी रंगवलेली जादूगाराची आणखी दोन रूपे त्यांत घातली आहेत. माझा कॅट तसाच आहे. पायांना पंख असलेला, आपली अवजारे हवेत झेलणारा नेहमीचा जादूगार मी कॅटमध्ये ठेवला आहे. उरलेल्या दोघांपैकी एक सध्या वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून आहे, आणि दुसरा शेजारच्या मुलाने पाहायला म्हणून नेला, तो अजून परत यायचा आहे.