जुळवून दिलेल्या कापडांचा गठ्ठा आणि आजीची इरकल

लेक ऑगस्टमध्ये ऑस्टिनला कॉलेजला जाणार, म्हणून तिच्यासाठी क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली इथली गोधडी, शिवायला घेतलं. ५ बाय ६ फुटांचं, लॉग केबिन नावाच्या नक्षीचे १२ इंची ३० ब्लॉक, म्हणजे पट्ट्या जोडून केलेले चौकोन. नोकरी सांभाळून एकेक कापड शोधत हिंडणं जमणार नव्हतं. म्हणून ह्यूस्टनमधल्या माझ्या नेहमीच्या दुकानातून २८ फॅट क्वार्टरचा तयार गठ्ठा ९८ डॉलरला घेतला. चार महिने तो माझ्या शिवणाच्या टेबलावर आहे, त्यामुळे आता त्याच्याबद्दल नीट सांगता येईल.

फॅट क्वार्टर म्हणजे एका यार्डाचे चार भाग केले की मिळणारा १८ बाय २२ इंचांचा तुकडा. म्हणजे २८ तुकड्यांचं ७ यार्ड कापड झालं. एकाच डिझायनरने काढलेली फुलं, ठिपके, रेघा, सगळं ठरावीक रंगांत, सगळं एकमेकांशी जुळणारं. मोडा कंपनीच्या जेली रोलमधल्या अडीच इंची पट्ट्या किंवा चार्म पॅकमधले ५ इंची चौकोन हीसुद्धा याच जातीची सोय.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. सूत घट्ट विणीचं आहे, सुई जाताना करकरत नाही. छपाई रेखीव आहे. मला यातला पाणेरी रंग फार आवडला, असा मी सुटा कधी निवडला नसता. रंग निवडायची ज्यांना भीती वाटते आणि त्यापायी ज्या कधी सुरुवातच करत नाहीत, त्यांना तर हा गठ्ठा हाताला धरून टेबलापाशी आणून बसवतो.

दोन तक्रारी आहेत. दोन तुकडे अर्धा इंच कमी भरले. आणि तांबडा रंग जातो. मी कोपऱ्याची चिंधी कोमट पाण्यात पांढऱ्या कापडाबरोबर अर्धा तास ठेवली, तर पांढरं गुलाबी झालं. असे कापलेले तुकडे आधी धुवायचे नसतात, कडा उसवतात आणि माप बिघडतं. त्यामुळे रंग जातो हे कळतं ते सगळं शिवून झाल्यावर, पहिल्या धुण्यात. मी तो तांबडा वापरलाच नाही.

पण खरी अडचण माझ्या लक्षात आली नव्हती, ती आईच्या आली. १२ ब्लॉक शिवून झाले होते. ते जमिनीवर मांडून मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे गं. पण नजर कुठं थांबतच नाही."

मी त्या १२ ब्लॉकांचा फोटो काढून कृष्णधवल केला. सगळा एकच करडा पट्टा! लॉग केबिनमध्ये मधला चौकोन, त्याच्या दोन बाजूंना फिकट पट्ट्या आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद पट्ट्या असतात. त्या उजेड-सावलीवरच ते डिझाइन उभं राहतं. म्हणून गठ्ठ्यातले सगळे तुकडे वेगळे करून मोजले. फिकट ५, गडद ३ (त्यातला एक तो रंग जाणारा), आणि मधल्या छटेचे २०. रंग वेगवेगळे, पण गडदपणा सारखाच. म्हणूनच ते दुकानात इतके गोड दिसतात आणि ब्लॉकमध्ये एकमेकांत विरघळून जातात.

माझ्याकडे आजीची गर्द निळी इरकल होती, तांबड्या काठाची. नेसून नेसून मधून विरलेली, पण काठ धड आणि निऱ्यांच्या आतला भाग अजून घट्ट. आमच्याकडे अशा लुगड्यांच्या वाकळी व्हायच्या. इतकी वर्षं धुतलेलं कापड आता ना आटत, ना रंग सोडत. मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लावलं, काठातून अडीच इंची १८ चौकोन कापले आणि ते उरलेल्या १८ ब्लॉकांच्या मधोमध ठेवले. इथल्या जुन्या पद्धतीत लॉग केबिनचा मधला चौकोन बहुधा तांबडा असतो, ती घरातली चूल समजतात. निळ्या अंगाच्या पट्ट्या गडद बाजूला घेतल्या.

पहिले १२ मी उसवले नाहीत. ५ बाय ६ च्या मांडणीत आतले ब्लॉक बरोबर १२ येतात आणि कडेचे १८. आईच म्हणाली, "मग काठालाच लाव की." आता मध्ये ती शांत पाणेरी फुलं आहेत आणि चहूबाजूंनी लुगड्याचा काठ फिरलाय.

तयार गठ्ठ्यांच्या मी विरोधात अजिबात नाही. माझ्या टेबलासमोर अमेरिकी टपालखात्याने २००६ साली काढलेली जीज बेंडच्या क्विल्टची तिकिटं लावलेली आहेत. अलाबामातल्या नदीच्या वळणावरचं ते गाव. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांची क्विल्ट करायच्या. १९७२ मध्ये त्या भागातल्या बायकांच्या सहकारी संस्थेला सीअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं आणि त्याची कातरण घरोघरी गेली. कापड एकच, रंगही कंपनीने ठरवलेले मोजके. तरी त्यातून झालेली क्विल्ट बघा, एकीचं दुसरीसारखं नाही! एकीने सरळ पट्टे घेतले, दुसरीने चौकोनात चौकोन. दुसऱ्याने निवडलेलं कापड आलं म्हणून त्यांचा हात अडला नाही. माझा अडला होता, कारण गठ्ठ्याबाहेरचं काही घ्यायचं नाही असं मीच ठरवून बसले होते.

तेव्हा गठ्ठा जरूर घ्या, पण २८ चा नको, त्याच मालिकेतला लहान घ्या. उरलेल्या पैशांत दीड-दोन यार्ड एकदम गडद आणि यार्डभर एकदम फिकट कापड घ्या. कात्री लावण्याआधी सगळं मांडून कृष्णधवल फोटो काढा. आणि मालिका आवडली असेल तर लागेल ते कापड तेव्हाच घेऊन ठेवा. एकदा विकली गेली की बहुधा पुन्हा छापत नाहीत.

माझ्याकडे ११ तुकडे जवळजवळ अख्खे उरलेत. आईला अण्णांचं एखादं जुनं धोतर पाठवायला सांगितलंय, त्या पांढऱ्यावर हे काय करतात ते बघायचंय.