घड्याळाचा पट्टा: क्रोम लेदर की सालीत कमावलेलं चामडं?

चांगल्या घड्याळाला चामड्याचा पट्टा लावायचा म्हटलं की बोलणं रंगापासून सुरू होतं, काळा की तपकिरी. माझ्या मते आधी विचारायचं ते हे, की चामडं कशात कमावलंय? मुंबई-कोकणच्या दमट हवेत पट्टा कसा वागणार, हे बरंचसं त्यावर ठरतं.

क्रोम लेदर क्रोमियमच्या क्षारांत कमावतात. काम एक-दोन दिवसांत उरकतं, चामडं मऊ राहतं, रंग एकसारखा चढतो आणि पाण्याचा शिंतोडा उडाला तरी लगेच डाग धरत नाही. बाजारातले बहुतेक पट्टे याच जातीचे. रोज ऑफिसला घालायचं घड्याळ असेल, लोकलचा प्रवास असेल, तर मी डोळे झाकून हेच सुचवेन. फक्त एक पाहा: क्रोमियमची अॅलर्जी असलेल्यांना अशा चामड्याने पुरळ उठू शकतं. युरोपीय संघाने 2015 पासून कातडीला लागणाऱ्या चामडी वस्तूंत घातक षट्संयुजी क्रोमियमवर किलोमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती याचसाठी.

झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याला आठवडे लागतात. अस्सल कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून असंच कमावतात, त्यामुळे त्याचा स्वभाव आपल्या ओळखीचा आहे. सुरुवातीला ताठ, मग घालेल त्याचा आकार घेणारं. फिकट मधाच्या रंगाचा पट्टा हाताच्या तेलाने आणि उन्हाने गडद तपकिरी होत जातो, बकलापाशी एक खास वळण पडतं, आणि तो पट्टा फक्त तुमचाच होतो. हे सुख क्रोम लेदर देत नाही. पण सालीत कमावलेलं चामडं घामही तितक्याच आवडीने पितं. मिठाचे पांढरट पट्टे उमटतात, वाळल्यावर चामडं कडक होतं. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात किंवा आठवड्यातून एक-दोनदा घालायला उत्तम, जुलैत रोज घालायला नाही.

अॅलिगेटरच्या, म्हणजे मगरीच्या जातीतल्या प्राण्याच्या कातड्याच्या, नावाखाली पुष्कळदा वासराच्या कातड्यावर ठसा मारलेला असतो. खऱ्यात दोन खवले सारखे नसतात. ठशात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. खरा पट्टा परदेशातून मागवणार असाल तर सायटिस कराराखाली (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्याचे कागद लागतात, ते आधी विचारून घ्या. घोड्याच्या पुठ्ठ्याचं शेल कॉर्डोव्हन हा आणखी वरचा मामला. शिकागोच्या हॉरवीन टॅनरीत ते तयार व्हायला किमान सहा महिने जातात. त्याला बारीक सुरकुत्या पडत नाहीत, मोठ्या लाटा उमटतात. पाण्याचे थेंब पडले की मात्र फोड आल्यासारखे ठिपके वर येतात.

वरचं चामडं कुठलंही निवडा, पट्टा उलटून अस्तर पाहायला विसरू नका. घाम आधी तिथेच लागतो आणि वास तिथूनच येतो. पाणी न धरणारं अस्तर असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत.

माप मोबाइलवरच्या फोटोवरून ठरवू नका. लगमधलं, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या घड्याळाच्या दोन शिंगांमधलं, अंतर मोजपट्टीने मोजा. 19 मिमीच्या घड्याळात 20 चा पट्टा कोंबला की कडा चुरगळतात, आणि 18 चा लावला तर दोन्ही बाजूंना फट दिसते.

निगा सोपी आहे. संध्याकाळी घड्याळ काढलं की अस्तर कोरड्या सुती कापडाने पुसा आणि पट्टा रात्रभर उघडा ठेवा, डबीत बंद नको. भिजला तर पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. ऊन किंवा हेअर ड्रायर लावलात तर चामड्याला चिरा पडतील. सालीतल्या चामड्याला वर्षातून दोन-तीनदा लेदर कंडिशनरचं बोट फिरवलं तरी पुरे, खोबरेल तेल मात्र नको. त्याने डागाळतं आणि पुढे कुबट वास येतो. सॅनिटायझर, परफ्यूम लावायचं ते घड्याळ घालायच्या आधी, आणि पट्टा आवळताना मनगट आणि पट्टा यांच्यात करंगळी जाईल इतकी जागा सोडा.