जुने गोवे ते कुशावती, एका दिवसाची वारसा सहल: पाचपैकी तीन तारे

सकाळ जाते जुन्या गोव्यात. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये फरशीभर पोर्तुगीज उमरावांची थडगी, वर घराण्यांची चिन्हं कोरलेली. गाइडला ती बरीचशी तोंडपाठ. शेजारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय: वर व्हाइसरॉयांची चित्रं, खाली वीरगळ आणि सतीशिळा. वर आम्ही रेंगाळलो, खालून जवळजवळ पळवत नेलं. हेही मेलेल्या माणसांचेच दगड ना? कुठल्या गावातून आणले, असं विचारलं तर गाइडने घड्याळ पाहिलं. एक तारा तिथेच कापला.

दुपार मात्र पैसे वसूल. उसगाळीमळला कुशावतीकाठच्या जांभ्यावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल, हरणं आणि बघता बघता डोळे गरगरावेत असा चक्रव्यूह. गावच्यांना त्या आधीपासून ठाऊक होत्या, पुरातत्त्वज्ञांपर्यंत १९९३ साली पोचल्या. इथे जवळपासचाच एक वेळीप या आदिवासी समाजातला मुलगा सोबत दिला होता. चित्रं दाखवून झाल्यावर तो स्वतःहूनच खाणींच्या विषयावर आला. "बाई, आमचं वायंगण झरीच्या पाण्यावर व्हायचं," म्हणाला. वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक. खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी सतत उपसावं लागतं, मग झरी-विहिरी आटतात, हे त्याने काठीने मातीत रेघा ओढून समजावलं. मी खाणींच्याच डिचोलीची. शेतात उतरलेला लाल गाळ मला नवा नाही, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं सहलीच्या पत्रकात नाही, म्हणून मीच लिहिते. हे डोंगर पोर्तुगीज सरकारने खाणींच्या सवलती म्हणून वाटले. १९८७च्या कायद्याने त्याच सवलतींचे खाणपट्टे झाले, तेही १९६१पासून लागू. डोंगरावर कुणाची देवराई आहे, कुणाची मसणवट आहे, हे असल्या कागदावर कोण लिहितो? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ८८ पट्टे रद्द केले. उकरलेला डोंगर त्याने भरून येत नाही.

गाडी चांगली, जेवणातलं सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) झकास, सोलकढी पाणचट. पावसाळ्यात जाऊ नका, जांभा निसरडा होतो. आणि बुकिंग करताना दुपारच्या मुलाचं मानधन तिकिटात धरलंय का ते विचारा. आमच्या वेळी त्याच्या हाती फक्त आम्ही दिलेली टिप पडली. दुसरा तारा त्यापायी कापला.