खातं भाड्यानं मागणाऱ्यांपासून पोरांना जपा

नाशिकमध्ये खोली करून शिकणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी हे जरूर वाचावं. माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलंय.

तो सिडकोत राहतो, घर निफाड तालुक्यात. मेसमध्ये ओळख झालेल्या एकानं त्याला गाठलं. "आमचे शेठ द्राक्षाचे व्यापारी. सीझनला बाहेरच्या राज्यांतून पेमेंट येतं, एका खात्याला लिमिट पुरत नाही. तुझ्या नावावर खातं काढ, महिन्याला 8,000 देतो." निफाडच्या पोराला द्राक्षाच्या पेमेंटचा संशय कसा येणार? व्यापाऱ्याच्या पैशाची वाट बघणाऱ्या घरातच तो वाढलाय. हे ओळखूनच त्या माणसानं थाप रचली, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. नवं खातं, नवं सिम काढायला लावलं. पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड आणि सिम तो घेऊन गेला. पहिल्या महिन्याचे पैसे रोख आणि वेळेवर दिले.

मग खातं फ्रीज झालं. त्याच बँकेतलं स्कॉलरशिपचं जुनं खातंही अडकलं. पाठोपाठ परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आली. स्टेटमेंट काढलं तर त्यात द्राक्षं कुठेच नव्हती. शेअर ट्रेडिंगच्या खोट्या ॲपवर फसलेल्या लोकांचे पैसे यायचे आणि काही मिनिटांत तुकडे होऊन दुसऱ्या खात्यांवर जायचे. चोरीचा पैसा इतक्या हातांतून फिरवायचा की मूळ माग लागू नये, हाच मनी लाँडरिंगचा धंदा. त्या साखळीत पोलिसांना पहिल्यांदा सापडतं ते खातेदाराचं नाव. पोरांकडे पैसे नसतात हे खाती मागणाऱ्या या ठगांना ठाऊकच असतं, त्यांना हवं असतं स्वच्छ केवायसी झालेलं खातं.

2002 च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात शिक्षा 3 ते 7 वर्षांच्या सक्तमजुरीची आहे. जाणूनबुजून मदत करणाराही त्यात येतो. म्हणूनच दरमहा मिळणारे ते पैसे घातक ठरतात: काही माहीतच नव्हतं, हे मग पटवून देणं अवघड होतं.

बँकेत "विद्यार्थी आहेस, मग एवढी उलाढाल कसली?" असं विचारलं की आपल्याला अपमान वाटतो. विचारू द्या. संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे अशा व्यवहारांची छाननी करणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला, कळवणं बँकेला बंधनकारक आहे, आणि तसं कळवलंय हे खातेदाराला सांगायला मनाई आहे. शाखेतले लोक मोघम बोलतात त्यामागे हेही कारण असू शकतं.

कुणाचं पोर अडकलं असेल तर चॅट, कॉल, फोटो काहीही डिलीट करू नका. कोणत्या तक्रारीवरून खातं फ्रीज झालं, तो क्रमांक आणि पोलीस ठाणं बँकेकडून लेखी घ्या. वकील गाठा, नोटिशीला उत्तर द्या. "पैसे द्या, फ्रीज काढून देतो" म्हणणारे एजंट लगेच उगवतात, त्यांना दारातही उभं करू नका. ज्यांचे स्वतःचे पैसे गेलेत त्यांनी तात्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आला तरच हाती लागतो.

भाच्याचा जबाब झालाय, खातं अजून फ्रीजच आहे. त्याच मेसमधल्या आणखी काही पोरांनी खाती दिल्याचं आता कळतंय. त्यांच्या घरच्यांशी बोलून त्यांना नाशिकच्या सायबर पोलिसांकडे घेऊन जायचं आम्ही ठरवलंय. द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या पेमेंटच्या नावानं तुमच्याही पोराचं खातं कुणी घेतलं असेल, तर आजच बँकेत जाऊन ते कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घ्या, लेखी अर्ज द्या आणि पोलिसांना कळवा.