परफोरिन नसलेला उंदीर: विषाणूंवर काम करणाऱ्यांनी घ्यावा का?

मारक टी पेशी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी या रोगप्रतिकारक पेशी विषाणूग्रस्त पेशीला मुख्यतः दोन मार्गांनी मारतात: परफोरिन या प्रथिनाने तिच्या पटलाला भोके पाडून ग्रॅन्झाइम ही मारक विकरे आत सोडतात, नाहीतर तिच्या पृष्ठभागावरील फास हा ग्राही चेतवून तिला आत्मनाशास भाग पाडतात. परफोरिनचे जनुक निकामी करून यांपैकी पहिला मार्ग बंद केलेल्या ज्या नॉकआउट उंदराची माहिती झुरिकच्या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, तो आता प्रयोगशाळांना विकत मिळतो.

उंदीर म्हणून त्याच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. तो सुदृढ असतो, प्रजननक्षम असतो आणि त्याच्या टी व एनके पेशींची संख्याही सामान्य असते. शेपटीच्या टोकातून डीएनए काढून पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवण्याची पद्धत) केला की जेलवर दोन पट्टे दिसणारी पिल्ले संकरित, म्हणजे एक सामान्य व एक निकामी जनुकप्रत असलेली, हे ओळखणे नवख्यालाही जमते. मेलेल्या लक्ष्यपेशींतून सुटलेले किरणोत्सारी क्रोमियम मोजणाऱ्या चार तासांच्या क्रोमियम-५१ चाचणीत तर याच्या मारक पेशी जवळजवळ निष्क्रिय ठरतात. लक्ष्यपेशींवर भरपूर फास असेल तरच थोडीफार हत्या दिसते.

खरी परीक्षा विषाणूंपुढे होते. एलसीएमव्ही हा उंदरांमधला विषाणू त्याला आवरता येत नाही, पण व्हॅक्सिनिया या देवीच्या कुळातल्या विषाणूचा निचरा तो जवळपास सामान्य उंदरासारखाच करतो. गंमत अशी, की व्हॅक्सिनियाच्याच कुळातल्या एक्ट्रोमेलियाला (उंदरांच्या देवीच्या विषाणूला) ब्लॅक-६ हा प्रयोगशाळांतला मूळ वंश दाद देत नाही, परफोरिन नसलेला मात्र त्याला बळी पडतो. उंदरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसमध्ये एनके पेशींना प्लीहेत परफोरिन लागते, तर यकृतात मुख्य भार इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकार-संदेशक प्रथिनावर असतो. म्हणून एकच अवयव तपासून काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही. इन्फ्लुएन्झात परफोरिन किंवा फास यांपैकी कोणताही एक मार्ग शाबूत असला तरी सीडी८ पेशींचे (म्हणजे मारक टी पेशींचे) काम भागते. तिथे फक्त हाच उंदीर वापरणारा ‘परफोरिनची भूमिका नाही’ असे लिहून मोकळा होईल आणि फसेल.

त्याची सर्वांत मोठी उणीव एलसीएमव्हीतच उघडी पडते. या संसर्गात तो मरतो, पण त्या मृत्यूचा दोष केवळ न आवरलेल्या विषाणूवर टाकता येत नाही: सीडी८ पेशी अनावरपणे चेतलेल्या राहून इंटरफेरॉन-गॅमा ओततात, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे इंटरफेरॉन प्रतिपिंडाने अडवल्यावर उंदीर वाचले होते. परफोरिन जनुकातील दोषाने लहान मुलांना होणाऱ्या एचएलएच या, प्रतिकारशक्ती अनावर भडकण्याच्या आजाराचे प्रतिरूप म्हणून हाच अवगुण मोलाचा ठरतो, हे मान्य. परंतु विषाणू-नियंत्रण मोजायचे असेल, तर मृत्यूच्या आलेखावर न थांबता प्रत्येक अवयवातील विषाणूचे प्रमाण मोजणे भाग आहे.

माझे मत घ्यावा असेच आहे, पण एकटा नव्हे. सोबत फास-दोष असलेला एलपीआर वंश ठेवावा, तोही कोवळ्या वयात वापरावा, कारण वय वाढेल तशा त्याच्या लसिकाग्रंथी फुगतात आणि तुलना बिघडते. नियंत्रणासाठी बाहेरून आणलेले ब्लॅक-६ न वापरता एकाच वेतातली सामान्य पिल्ले घ्यावीत. पुरवठादाराकडे जिवंत जोड्या नसल्यास गोठवलेल्या भ्रूणांपासून वंश उभारण्यात काही महिने जातात, तेव्हा प्रकल्पाचे वेळापत्रक आखतानाच मागणी नोंदवावी. आणि एक्ट्रोमेलियावर काम करायचे असेल, तर प्राणीगृहाच्या प्रमुखांशी आधी बोलावे. हा विषाणू एकदा इतर पिंजऱ्यांत शिरला, की अख्ख्या वसाहतीवर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते.